टेस्टच्या नंबरावर

मंगळवारी सकाळी भोकरदनच्या एका डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा राजनंदिनी ऑफिसात नुकतीच येऊन बसली होती.

"मॅडम, लॅबचे मेसेज बंद केलेत का तुम्ही? दहा-बारा दिवस झाले, एकाही पेशंटचा धोक्याचा रिपोर्ट आला न्हाई मला. असं कधी होत न्हाई."

"बंद नाहीत सर. तुमच्या फोनमध्ये काही ब्लॉक झालंय का, बघता?" ती म्हणाली. लोकांचे फोन आले की बहुतेक वेळा चूक त्यांच्याच फोनमध्ये निघायची. तिला तशी सवय झाली होती.

राजनंदिनी टेंभुर्णीची. संभाजीनगरला एमसीए करून ती जालन्यात मार्तंड सरांच्या कंपनीत लागली, त्याला आता तीन वर्षं झाली होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं. जिल्ह्यातल्या एका खासगी लॅबसाठी त्यांनी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक वेब ॲप्लिकेशन केलं होतं. गावोगावच्या केंद्रांवर रक्त घेतलं जायचं, तपासणी जालन्यात व्हायची आणि रिपोर्ट त्या ॲप्लिकेशनवर चढायचा. एखादा आकडा जिवाला धोका असण्याइतका वरखाली असला, तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना आणि पेशंटच्या घरच्यांना मेसेज जायचा. पूर्वी लॅबमधली माणसं अशा वेळी फोन करायची. मेसेज सुरू झाल्यावर ते फोन आपोआप थांबले.

तिनं नोंदी उघडल्या. बारा दिवसांत असे तेवीस मेसेज गेले होते. तेवीसच्या तेवीसांपुढे 'पोहोचला' अशी हिरवी खूण होती. तिला हायसं वाटलं. मग तिची नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तेवीस मेसेज एकाच मोबाइल नंबरावर पोहोचले होते.

तो नंबर तिला पाठ होता. खोलीतल्या फळीवर राउटरशेजारी एक जुना फोन कायम चार्जिंगला लावलेला असायचा. कोणताही बदल केला की आधी त्या फोनवर मेसेज पाठवून बघायचा, अशी पद्धत होती. त्याचा आवाज बंद असायचा, कारण दिवसभर टिंग टिंग ऐकून सगळे वैतागायचे.

पार्थ आला तेव्हा ती सर्व्हरवरचं पॅकेज उघडून बसली होती. पार्थ तिच्याहून चार वर्षांनी मोठा, जालन्याचाच.

"पार्थदादा, सर्व्हरवर टेस्टचं बिल्ड आहे."

"कसं असेल? टाकलं कुणी?"

"मीच. मागच्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी. पण कमांड नेहमीचीच दिली होती."

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. लिहिलेला प्रोग्राम गोळा करून त्याचं एक गाठोडं, म्हणजे बिल्ड, बांधायचं आणि सर्व्हरवर पाठवायचं, हे काम त्यांच्याकडे मेवन नावाचं टूल करायचं. गाठोड्यात काय घालायचं ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या फाइलमध्ये मूळ नंबर टेस्टचा होता आणि खाली प्रॉडक्शन नावाचं एक प्रोफाइल, म्हणजे सेटिंगांचा एक संच होता. ते प्रोफाइल चालू असलं की टेस्टचा नंबर बाजूला पडून मेसेज खऱ्या डॉक्टरांना, खऱ्या पेशंटना जायचे. प्रोफाइलला वेगळी आज्ञा लागायची नाही. कुणीतरी पूर्वीच त्याच्यावर लिहून ठेवलं होतं, की हे आपोआप चालू समजावं.

"तू त्या दिवशी काय बदललंस?"

"जावाचं नवं व्हर्जन. त्यासाठी एक प्रोफाइल टाकलं. सहा ओळी."

पार्थनं त्या सहा ओळी वाचल्या. मशिनवर नवी जावा दिसली की हे प्रोफाइल चालू व्हावं, एवढंच त्यात होतं. त्यात काही चूक नव्हती. मग त्यानं कोणती प्रोफाइल चालू आहेत ते दाखवणारी कमांड दिली. पडद्यावर एकच नाव आलं, तिनं टाकलेल्या नव्या प्रोफाइलचं. प्रॉडक्शनचं नाव कुठंच नव्हतं.

दोघांनी मेवनची माहितीपुस्तिका उघडली. नियम तिथं स्वच्छ लिहिला होता. आपोआप चालू असलेलं प्रोफाइल दुसरं कुठलंही चालू होईपर्यंतच चालू राहतं. दुसरं चालू झालं की पहिलं गुपचूप बंद होतं. कुठं लाल अक्षर येत नाही, काही अडत नाही.

राजनंदिनीला तो गुरुवार आठवला. शेवटच्या ओळीत नेहमीसारखं 'बिल्ड सक्सेस' आलं होतं. सर्व्हरवर टाकल्यावर तिनं एक खोटा रिपोर्ट चढवून बघितला होता आणि फळीवरच्या फोनवर मेसेज आलेला बघून समाधानानं जेवायला गेली होती. आपण खऱ्या सर्व्हरवरून पाठवतोय, तर इथं मेसेज यायलाच नको, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. प्रॉडक्शनचं नाव कमांडमध्येच लिहून टाकलं, नवं गाठोडं बांधलं, चढवलं आणि डॉक्टरांच्या नंबरावर मेसेज गेल्याची खात्री केली.

मग तिनं फळीवरचा फोन हातात घेतला. खाली सरकवत ती एकेक मेसेज वाचू लागली. हिमोग्लोबिन चार. साखर पाचशे वीस. प्लेटलेट अकरा हजार. प्रत्येकाचं नाव, वय, गाव.

"आधी सरांना सांगू," पार्थ म्हणाला.

"आधी यांना फोन करू."

त्यांनी यादी वाटून घेतली. बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागदी रिपोर्ट नेला होता, औषधं सुरू झाली होती. अंबडची एक बाई दवाखान्यात भरती होती, पण आता बरी होती. फोन ठेवला की राजनंदिनी नावापुढे बरोबरची खूण करायची आणि पाणी प्यायची. तिच्या यादीतलं नववं नाव होतं, अंगद, वय चौतीस, धावडा. पोटॅशियम सात पूर्णांक चार. शनिवार, दुपारी तीन बावन्न.

फोन एका बाईनं उचलला.

"अंगदरावांशी बोलायचं होतं. लॅबमधून बोलतेय. त्यांची तब्येत कशी आहे?"

पलीकडे माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"आज दहावं हाय त्याहिचं," बाई म्हणाली. "तुमी कोण म्हन्ला?"

राजनंदिनीनं पार्थकडं पाहिलं. पार्थनं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि कट केला.

मार्तंड सर दुपारी आले. त्यांनी सगळं उभ्यानंच ऐकलं. त्यांचं वय साठीला आलेलं, चेहरा एकदम उतरला.

"हे इथंच राहू द्या," ते म्हणाले. "लॅबला मी सांगतो, मोबाइल कंपनीकडं अडचण होती. नेटवर्कचं कुणी विचारत नाही."

"सर, एक माणूस गेलाय."

"तो आपल्यामुळंच गेला, हे कशावरून? किडनी खराब असेल त्याची. राजनंदिनी, मी तुला दोष देत नाही. मलाही झोप लागणार नाही. पण या चार खुर्च्यांवर चार घरं आहेत. हे बाहेर गेलं तर आपल्याला दुसरं काम कोण देईल?"

सर वाईट नव्हते, घाबरले होते. तीही घाबरली होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती ऑफिसला आली, खाली मान घालून काम केलं. जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला. शनिवारी सुट्टी होती. कुणाला न सांगता तिनं भोकरदनची एसटी धरली आणि तिथून काळीपिवळी जीपनं धावड्याला गेली.

अंगदची पिठाची गिरणी होती. घर गिरणीच्या मागेच. गिरणीला कुलूप होतं, पायरीवर पिठाचा पांढरा थर तसाच होता. ओट्यावर अंगदचे वडील कचरू बसले होते. आत भिंतीला टेकून त्याची आई द्वारकाबाई, आणि पार दाराच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून अंतर ठेवून, त्याची बायको वंदना. फोन उचलला होता तो तिनंच.

राजनंदिनीनं पाणी घेतलं नाही. "मी लॅबचा प्रोग्राम लिहिते," ती म्हणाली. "अंगदरावांच्या रक्ताचा मेसेज त्या शनिवारी चार वाजायच्या आत तुमच्या फोनवर आणि डॉक्टरांच्या फोनवर यायला पाहिजे होता. तो आला नाही. तो आमच्या ऑफिसातल्या फोनवर गेला. माझ्याकडून चूक झाली."

मग वंदना पुढं सरकली.

"किती वाजता म्हन्ला?"

"तीन बावन्न."

"चारला," वंदना म्हणाली. "मी चारला त्याहिला पहिलं नारळपाणी देल्तं. लई अशक्तपणा आल्ता, हातपाय गळून गेल्ते. संध्याकाळपर्यंत तीन नारळ पाजले. पहाटं गेले."

तिचा आवाज सपाट होता. पुढचं कचरूंनी सांगितलं. सोमवारी कागदी रिपोर्ट आला, डॉक्टरांनी काय काय खाल्लं-प्यालं ते विचारलं आणि नारळपाण्याचं ऐकून कपाळाला हात लावला. पोटॅशियम आधीच वाढलेलं, त्यात नारळपाणी म्हणजे विष. ते बोलणं घरी आलं, घरातून गावात गेलं. तेव्हापासून द्वारकाबाई सुनेच्या हातचं पाणी पीत नव्हती.

"मेसेज आला असता तर डॉक्टरांनी लगेच बोलावलं असतं," राजनंदिनी म्हणाली. "नारळपाणी देऊ नका, हे पहिलं सांगितलं असतं. वंदनाताईंना हे कळायला काही मार्गच नव्हता. त्यांची यात काही चूक नाही."

द्वारकाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "पोरी, मोबाइलनं माणूस मरतं व्हय? पाजलं तर हिनंच ना?"

"आई, पाजलं त्यांनी. पण थांबवायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही. मी केलं नाही."

"मंग हे लिहून द्या," कचरू म्हणाले. "तोंडी बोललेलं उद्या कोण मानतंय?"

त्यांनी वहीचा एक कागद फाडून दिला. असं काही लिहून द्यावं लागेल, हे बसमध्ये तिच्या मनात आलं नव्हतं. तरी तिनं लिहिलं. कोणत्या दिवशी काय बदललं, मेसेज कुठं गेला, किती वाजता, आणि खाली आपलं पूर्ण नाव. लिहून झाल्यावर आपली नोकरी गेली हे तिला कळलं, आणि त्याचं फारसं काही वाटलं नाही. कचरूंनी कागद मोठ्यानं वाचला. एकदा, आणि मग बायकोकडं बघत पुन्हा एकदा. द्वारकाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. ती रडतेय का, ते दिसलं नाही.

वंदना जीपच्या थांब्यापर्यंत बरोबर आली. जीप दिसल्यावर म्हणाली, "तुमी आल्या ते बरं केलं. पण म्या माफ केलं असं समजू नका."

"नाही समजणार," राजनंदिनी म्हणाली.

सोमवारी तिनं मार्तंड सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "तू मला विचारायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. तिनं राजीनामा टेबलावर ठेवला. महिन्याभरात लॅबनं काम काढून घेतलं. पार्थनं पुण्यात नोकरी धरली. जाताना तिला भेटला नाही. ती टेंभुर्णीला परत गेली.

कचरूंनी तो कागद लावून पोलिसांत तक्रार दिली. चार महिन्यांनी राजनंदिनीला जबाबासाठी भोकरदनला बोलावलं. बाकावर वंदना आणि कचरू आधीच बसलेले होते. राजनंदिनी समोरच्या भिंतीशी उभी राहिली.

जबाब घेणाऱ्या साहेबांना तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्रोफाइल म्हणजे काय हे त्यांना तीनदा विचारावं लागलं. शेवटी त्यांनी लिहिलं ते वाचून दाखवलं, "यंत्रणेत तांत्रिक बिघाड झाल्याने संदेश पोहोचला नाही."

"बिघाड झाला नव्हता साहेब," ती म्हणाली. "यंत्रणेनं आम्ही लिहिलं तेच बरोबर केलं. लिहिणं माझं चुकलं, आणि नंतर मी नीट तपासलं नाही. तसं लिहा."

"मॅडम, बिघाड लिहिलं तर तुमच्यावर कमी येतं. कळतंय का?"

"कळतंय."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, ओळ खोडली आणि नवी लिहिली. तिनं सही केली.

बाहेर उन्हात जीप उभी होती. कचरू आत चढले. वंदना चढता चढता थांबली. सासूबाई आता तिच्या हातचं पाणी पितात, पण बोलत न्हाईत, एवढं तिनं सांगितलं. वंदनानं उत्तराची वाट पाहिली नाही. ती आत बसली आणि जीप धावड्याच्या रस्त्याला लागली.