आईला आधी उडवा

अनाथालयाचे अधीक्षक इतके दयाळू, की पायाखाली मुंगी आली तर तिच्या सासरी-माहेरी निरोप धाडत. नवरा गेल्यावर शिंपिणीने लेकीला त्यांच्या पदरात टाकलं आणि मुलांचे कपडे शिवायला तिथेच राहिली. लेक सारखी मशीनपाशी येऊन बसे.

एकदा शिवणखोलीच्या वळचणीला चिमणीने घरटं केलं. अधीक्षक मुलांना घेऊन आले. म्हणाले, "देवाची माया बघा. हिब्रू शास्त्रात घरट्याचाही नियम आहे. पिल्लं घ्यायची तर आईला आधी उडवून द्यायचं. तिच्या डोळ्यांदेखत नाही."

"आणि पिल्लांचं काय होतं?" शिंपिणीने दातांनी दोरा तोडत विचारलं.

"पिल्लांची सोय होते, बाई."

आठवडा सरायच्या आत तिचं मशीन फाटकाबाहेर आलं. तुमच्यामुळे मुलगी इथे रुळत नाही, असं अधीक्षकांचं म्हणणं.

"अहो, तो नियम पाखरांचा."

"मग माणूस काय पाखराहून कमी आहे?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

ती रोज फाटकाशी यायची. खिडकीत लेक दिसायची, तेवढ्यात अधीक्षक येऊन रुमाल हलवून शिंपिणीला हुसकायचे. हलकेच, जणू चिमणीच. आणि दिवसेंदिवस तजेलदार दिसायचे. काठी सुटली. पडलेली दाढ म्हणे पुन्हा उगवली.

अनाथालयाच्या स्वयंपाकीणबाईने भांडी घासता घासता उलगडा केला. "अगं वेडे, त्या घरट्याच्या आज्ञेला बक्षीस आहे. आईला सोडून देणाऱ्याचं आयुष्य वाढतं. तू येतेस, तो वाढतो."

"म्हणजे म्हाताऱ्याला मीच जगवतेय?"

"नाहीतर काय. खुराकच आहेस तू त्याचा."

शिंपीण घरीच बसली. अधीक्षकांनी अंथरूण धरलं, दाढ पडली, आवाज बसला. गावभर हळहळ. शिंपीण मात्र खुशीत शिवत होती. पण उलटी घडी, वाकडी टीप, फ्रॉकला तीन बाह्या असं व्हायला लागलं. मग स्वयंपाकीणबाई सांगून गेली, "पोरगी खिडकीतून हलत नाही. जेवतही नाही."

शिंपिणीने सुई टोचून ठेवली. फाटकाशी जाऊन उभी राहिली. वर लेकीने काचेला नाक लावलं. आतून अधीक्षक भिंत धरत धरत आले.

"या गुरुजी," ती म्हणाली, "उडवा. पण जरा सावकाश."