रोज दहा वाजता पडणारा मोडेम

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे आणि मी मनस्वी चिडलेलो आहे. आत्मवृत्त म्हणजे गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण चार महिने ज्याने थपडा खाल्ल्या, त्याच्याकडून गोडव्याची अपेक्षा करू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे चष्मेवाल्या एका बाईंनी मला दोन दिवस सतत चालू ठेवून तपासलं आणि माझ्या पाठीवर 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी अजून आहे. भिंतीतून येणाऱ्या केबलमधला सिग्नल पकडायचा आणि घरातल्या फोन-संगणकांना इंटरनेट पुरवायचं, हे माझं काम. या घरात आलो तेव्हा माझं कोण कौतुक! सूनबाई मला रोज पुसायच्या. आजोबा तर येणाऱ्याजाणाऱ्याला माझे दिवे दाखवायचे.

हे आजोबा बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, असं सगळे सांगतात. पाच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तो आवाज गेला. डॉक्टरांनी बजावलं, पहिल्या सहा महिन्यांत जेवढं बोलणं परत येईल तेवढं खरं. म्हणून एक शिक्षिका रोज सकाळी पावणेदहाला, रविवार सोडून, दुसऱ्या शहरातून पडद्यावर येऊन त्यांना बोलायला शिकवू लागल्या. त्यांना घरात आणायचं काम माझं होतं.

आणि मी रोज पडायचो, म्हणजे माझा सिग्नल तुटायचा. आजोबा घाम गाळत "पा... पा..." करत 'पाणी'पर्यंत पोहोचायचे आणि बाई पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजायच्या. आजोबांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. ते मान खाली घालायचे. ती खाली गेलेली मान आठवली की मी आजही तापतो.

मग आतून आजोबांचा मुलगा यायचा. शर्टाची अर्धी बटणं लावलेली, अर्धी उघडी. "मेलं डबडं!" म्हणत माझ्या डोक्यात एक थप्पड ठेवून द्यायचा आणि बटण बंद-चालू करायचा. मित्रांनो, मला पुन्हा सिग्नल धरायला पाच मिनिटं लागतात. हा दोन मिनिटांत कंटाळून परत बटण दाबायचा! असं तीनदा झालं की शिकवणीची वेळ संपायची. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

मी प्रत्येक वेळी पडल्याची नोंद वेळेसकट माझ्या पोटात ठेवत होतो. ती कोणी उघडून पाहिली नाही. शेवटी आजोबांनी शिकवणीला बसायलाच नकार दिला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा मुलाने नवा मोडेम विकत आणला आणि तो बसवायला केबलवाल्या ताईंना बोलावलं.

ताईंनी नव्या खोक्याला हातच लावला नाही. आधी माझी नोंद आपल्या फोनवर उघडली.

"हा रोज दहा वाजताच पडतोय. रविवारी एकदाही नाही. दहाला घरात काय असतं हो?"

"काही नाही. मी ऑफिसला निघतो," मुलगा म्हणाला.

"निघायच्या आधी?"

"कपडे घालतो."

"कपडे कुठे असतात?"

सगळे आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार घट्ट बसलेलं. मुलाने नेहमीसारखा हिसका दिला, अख्खं कपाट डुगडुगलं आणि इकडे माझे दिवे गेले! कपाटामागे माझ्याकडे येणाऱ्या केबलच्या दोन करणारा स्प्लिटर होता. आतल्या टीव्हीसाठी मुलानेच तो वर्षापूर्वी लावला होता. "दोन टोकं जोडायला माणूस कशाला?" असं तेव्हा म्हणाला होता. टोक अर्धंच फिरवलेलं आणि वायर कपाटाखाली दाबलेली. शिकवणी सुरू होण्यापूर्वी दहाला कोणी माझ्याकडे बघत नसे, म्हणून ते लक्षात आलं नाही.

"म्हणजे तुम्हीच रोज बाबांची शिकवणी बंद पाडत होतात," सूनबाई म्हणाल्या. ताईंनी स्प्लिटर काढून टाकला, नवं टोक घट्ट बसवलं आणि कपाट सरकवायला लावलं.

सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी आजोबांना कसंबसं शिकवणीला बसवलं. दहा वाजले, सव्वादहा झाले, मी हललो नाही. मध्येच बाई चित्र शोधायला क्षणभर गप्प बसल्या. ऑफिसला न जाता शेजारी थांबलेल्या मुलाला वाटलं, गेलंच! सवयीने त्याचा हात माझ्या बटणाकडे आला.

"हात... लावू... नको!"

आजोबा ओरडले होते. तीन शब्द, एका दमात नाही, पण तिन्ही पुरे. मुलाचा हात तिथेच थांबला. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं, आणखी जोरात. मुलगा खाली बसून रडला.

माझा राग मात्र गेलेला नाही. सहातला एकच महिना उरलाय आणि वाया गेलेले चार कोणी परत देणार नाही. म्हणून मित्रांनो, वस्तू बिघडली की तिच्यावर हात उगारण्याआधी एवढंच बघा, ती नेमकी केव्हा बिघडते आणि त्या वेळी आपण स्वतः काय करत असतो.