मंत्रीसाहेबांचा पहारा

कापसाची ती वाईट वर्षं चालली होती. घराघरात कापूस भावाची वाट पाहत पडलेला, आणि त्यामुळे आमच्या राळेगाव तालुक्यात मंत्र्यांची ये-जा फार वाढलेली. एकाच्या गाडीची धूळ बसायच्या आत दुसऱ्याची लाल दिव्याची गाडी. प्रत्येक जण काहीतरी जाहीर करून जाई, आणि पुढचा येई तो आधीच्याने जाहीर केलेल्याची प्रगती जाहीर करी. गाव ऐकून घेई. ऐकण्याचं वळण आम्हाला कीर्तनानं लावलेलं. समोर उभा माणूस कितीही भरकटला तरी मधून उठायचं नाही. फरक एवढाच, की नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण झालं की उत्तररंगात गोष्ट येते. सरकारी भाषणात पूर्वरंगावरच आरती होते.

त्या साली मार्गशीर्षात गावात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा अखंड उभी असते. कुणी ना कुणी ती गळ्यात घालून देवासमोर नाम घेत उभा राहतो, त्याचा पहारा संपला की दुसरा त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घेतो. वीणा भुईला टेकवायची नाही, ही सगळीकडची रीत. आमच्या गावची एक जास्तीची आहे: वीणा निर्मळ तोंडानं घ्यायची. आंघोळ झाल्यावर पहाऱ्याआधी चहाचा घोट जरी पोटात गेला, तरी त्या माणसाचा पहारा चुकला.

सप्ताहाचा सारा कारभार विमलताईंच्या हातात. पण त्या साली त्यांचं चित्त देवळात कमी आणि फाट्यावर जास्त होतं. त्यांची वैष्णवी राळेगावला बारावीत होती. सकाळची एकुलती एस.टी. दिवाळीनंतर बंद झाली. गाडीचं भारमान कमी आहे, म्हणजे माणसं पुरेशी बसत नाहीत, असं आगाराचं म्हणणं. वाटेत जंगल, पोरींना सायकलवर एकटं धाडवत नव्हतं. वैष्णवी घरी बसली, मग वेचणीला जाऊ लागली, आणि पोरगी रिकामी दिसताच तिच्या मामाने मारेगावकडचं एक स्थळ आणलं. गाडी सुरू झाली नाही तर परीक्षेच्या आधी पोरीचं लग्न उरकणार, हे सगळ्या गावाला कळत होतं.

अशात मंत्रीसाहेब येणार असल्याचा निरोप आला. कोणत्या खात्याचे ते आम्हाला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. त्यांचे स्वीय सहायक मधुसूदन आधी पाहणी करून गेले. सप्ताहाचा मांडव तयार, भोंगा तयार, माणसं बसलेली. शासनाला याहून स्वस्त सभा कुठे मिळणार? त्यांनी विमलताईंना विचारलं, "दुपारच्या कीर्तनाआधी थोडा वेळ द्याल?"

"देवाच्या दारी कोनालेच मनाई नाही जी," विमलताई म्हणाल्या. "येऊ द्या."

तहसीलवाल्यांनी गर्दी टिकावी म्हणून चहा आणि आलुबोंडे वाटले. सरकार पहिल्यांदाच काहीतरी गरम गरम देत होतं, कोणी नाही म्हटलं नाही. टाळकरी, मृदंगी, बायामाणसं, मुलंबाळं, सगळ्यांनी खाल्लं. खाल्लं नाही ते दोघांनीच. एक विठ्ठलराव, कारण ते पहाऱ्यावर उभे होते. दुसरे मंत्रीसाहेब, कारण त्यांना साखरेचा आजार, ते बाहेरचं काही तोंडात घेत नसत.

साहेब आले, देवापुढे वाकले. फोटोवाले सरसावले. साहेबांची नजर विठ्ठलरावांच्या गळ्यातल्या वीणेवर गेली. हात पुढे करून म्हणाले, "द्या बरं इकडे जरा."

आता विठ्ठलराव म्हणजे साधा जीव. त्यांचा पहारा सरतच आला होता. पुढचा पहारा तांड्यावरच्या प्रेमसिंगचा, आणि तो अजून पोचला नव्हता. एवढा मोठा माणूस आपण होऊन वीणा मागतो म्हणजे पहारा द्यायलाच, असं त्यांनी धरलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्यांनी वीणा साहेबांच्या गळ्यात घातली, पायांवर डोकं ठेवलं, "भाग्य गावाचं," म्हणाले, आणि थेट आलुबोंड्यांकडे गेले. सकाळपासून उपाशी होते बिचारे.

फोटो झाले. साहेब वीणा काढू लागले.

"आं हां, साहेब! टेकवू नका!" मांडवातून एकदम आवाज.

"टेकवत नाही हो. घ्या ना कुणीतरी."

कुणी हलेना. पहिल्या रांगेतला टाळकरी ओशाळून म्हणाला, "खाल्लं जी आमी."

"बरं, तुम्ही घ्या."

"मी बी खाल्लं."

मधुसूदन पुढे झाले. "मी धरतो, सर."

"तुमी कसे धरता?" विमलताई म्हणाल्या. "तुमच्या मिशीले अजून बेसन हाय."

मधुसूदननं मिशी पुसली. पण बेसन पोटात गेलेलं, त्याला काय करणार? अख्ख्या गावात निर्मळ तोंडाचे एकटे मंत्रीसाहेबच उरले होते. पुन्हा आंघोळ करून यायचं तर समोर माणूस उभा असताना मधून उठावं लागणार, आणि ते आमच्या वळणात नाही.

"मग पुढचा माणूस कुठे आहे?"

"प्रेमसिंग? येऊन राह्यला जी तांड्यावरून. पायी."

"पायी का?"

"गाडी बंद हाय ना," विमलताई म्हणाल्या, आणि देवाकडे पाहत बसल्या.

फोटोवाले अजून उभेच होते. मंत्र्यानं वीणा टाकली, असा फोटो उद्याच्या पेपरात कुणाला हवा होता? मधुसूदन कानाशी लागले, "सर, तोवर भाषण उरकून घेऊ." कागद त्यांनी साहेबांपुढे धरला, कारण साहेबांचे दोन्ही हात वीणेत.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "तालुक्यातील पाणीपुरवठ्याची सर्व कामे पूर्ण..." आणि श्वासाला थांबले. विणेकरी थांबला की मागच्यांनी नाम उचलायचं, हे आमच्या टाळकऱ्यांच्या हाडात मुरलेलं. झांज वाजली. "विठ्ठल! विठ्ठल!"

विमलताईंनी तेवढ्यात हळूच सांगून टाकलं, "साहेब, एक सांगू का? वीणा गळ्यात असली का नामाबिगर जे बोलाल, ते देवापुढं बोललं असं धरतेत आमच्याकडं."

साहेबांनी वर पाहिलं. विठोबा कटेवर हात ठेवून ऐकत होता. साहेब वाक्याकडे परत आले. "सर्व कामे पूर्ण... होत आहेत." देवाकडे पुन्हा एक नजर. "होतील. म्हणजे, व्हावीत अशी आमची तळमळ आहे."

"विठ्ठल! विठ्ठल!"

मग दवाखान्याच्या डॉक्टरची नेमणूक झाली होती ती विचाराधीन झाली. कापसाच्या खरेदीचं केंद्र उघडलं होतं ते उघडण्याच्या मार्गावर आलं. कागद जसा पुढे सरके तशी योजना एकेक पायरी खाली उतरे. मधुसूदन कागदावर बोट ठेवून मूळ वाक्य दाखवत राहिले. पण मी देवाला स्मरून सांगतो, एवढं खरं सरकारी भाषण मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि माणसांनी टाळ्या दिल्या त्याही मनापासून.

प्रेमसिंगचा पत्ता नाही. साहेबांचा खांदा दुखायला लागला. विमलताई उभ्या राहिल्या.

"साहेब, सकाळच्या गाडीचं काय?"

"ताई, नियमित फेरीचा विषय धोरणात्मक आहे. भारमान बघावं लागतं. समिती..." साहेब देवाकडे बघून थांबले. "ते माझ्यानं लवकर होणार नाही."

"बरं झालं खरं बोलले. माही पोरगी बारावीत हाय. गाडी नाही आली तं तिचं लगन लावून देतो म्हनते तिचा मामा. दादा, तुमाले बी लेक असंन."

असेल साहेबांना लेक, कोण जाणे. त्यांनी मधुसूदनकडे पाहिलं. मधुसूदन पुटपुटले, "यात्रा असली की आगार स्वतःच्या अधिकारात जादा गाडी सोडू शकतं, सर. फाईल लागत नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. खांदा सावरून ते भोंग्यात म्हणाले, "या गावात जोवर ही वीणा उभी आहे, तोवर सकाळ-संध्याकाळ यात्रा विशेष गाडी येईल. देवापुढे सांगतो."

मांडव गजरानं दणाणला. त्या गजरातच धापा टाकत प्रेमसिंग आत आला, हातपाय धुतले, साहेबांच्या पाया पडला आणि वीणा घेतली. साहेबही वाकले. फोटोवाले तोवर आलुबोंड्यांकडे वळले होते, तरी साहेब वाकले. निघताना त्यांचे ओठ हलत होते. मला ते नामच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. कपाळावर पाटी, 'यात्रा विशेष'. वैष्णवी पुस्तकं घेऊन चढली. तिच्यामागं शेजारची नयन, अकरावीतली, आणि आणखी दोन पोरी. परत येताना त्याच गाडीनं बाजाराची माणसं आली. त्या दौऱ्यात जाहीर झालेल्यांपैकी एवढीच एक गोष्ट झाली, कारण तिला शासनाचा निर्णय लागत नव्हता.

काल्याचा दिवस आला. काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, की वीणा उतरते आणि सप्ताह संपतो. महाराज फेटा बांधून उभे. विमलताईंनी पदर सावरून हात जोडले.

"महाराज, कीर्तन करा. पन काला नको."

"का हो?"

"काला झाला का वीना उतरते. वीना उतरली का गाडी गेली."

महाराज हसले नाहीत. म्हणाले, "गोपाळांची शिदोरी आणखी थोडे दिवस झाकून ठेवू. देवाला घाई नाही."

मग आमचा पहारा सुरू झाला. दिवसभर वेचणी, आणि मधे आपल्या पाळीला आंघोळ करून वीणा. माणसं कमी पडली तेव्हा बायांनी गळ्यात घेतली. जुन्या माणसांनी कुरकुर केली, त्यांना विमलताई म्हणाल्या, "मंग तुमी उभे राहा ना त्यांच्या जागी." कुरकुर थांबली. आगारातून एकदा एक अधिकारी चौकशीला आले.

"यात्रा संपली नाही का अजून?"

"बघा ना जी," मृदंग्यानं देवळाकडे हात केला. "उभी हाय."

अधिकाऱ्यांनी आत डोकावलं, चप्पल काढून दर्शन घेतलं, आणि यात्रा चालू असल्याचं कळवलं. मामाला वैष्णवीनं स्वतःच सांगितलं, "मामा, परीक्षा झाल्याबिगर मी पाहन्याच्या कार्यक्रमाले बसत नाही. गाडी हाय मले." स्थळ मारेगावकडेच राहिलं.

शेवटच्या पेपराच्या दिवशी गाडी संध्याकाळी आली तेव्हा गाव देवळापाशी जमलं होतं. दह्याचं मडकं टांगलेलं, महाराजांना निरोप धाडलेला. वीणा विठ्ठलरावांच्या गळ्यात. कडक उन्हाळा लागलेला, हिवाळाभर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते. वैष्णवी उतरली, धावत आली, त्यांच्या पाया पडली.

"कसा गेला वो बाई पेपर?"

"चांगला गेला, काका."

"मंग उतरवू वीना? करू काला?"

वैष्णवीनं मागं वळून पाहिलं. गाडीतून नयन उतरत होती, तिच्यामागं त्या दोघी पोरी.

"काका," ती म्हणाली, "नयन पुढच्या साली बारावीत हाय."

विठ्ठलरावांनी नयनकडे पाहिलं, मग विठोबाकडे. मग मडक्याकडे पाहून म्हणाले, "दही वाटून टाका लेकरायले. खराब होईन." आणि वीणा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.