बोटभर उघडं बॉनेट

आश्विनातलं ऊन. धुतलेलं, निथळलेलं, हळदीच्या हातांनी पसरलेलं. पंचगंगेच्या पाण्यावर ते उतरलं, काठच्या उसावर चढलं, झेंडूच्या वाफ्यांवरून लोळत लोळत कोल्हापुरात आलं आणि उद्यमनगरच्या पत्र्यांवर येऊन थबकलं. पत्र्यांखाली आज आवाज नव्हता.

खंडेनवमी होती. शस्त्रांची नवमी, हत्यारांची नवमी, घामाने काळ्या पडलेल्या मुठींची नवमी. एरवी ज्या गल्ल्यांत लोखंडाला लोखंड भिडतं, ठिणग्यांचा सडा पडतो, लेथचं चाक दिवसभर गुणगुणतं, त्या गल्ल्या आज धूपाच्या निळ्या धुरात मुक्या उभ्या होत्या. हत्यारं धुऊन, पुसून पाटावर निजवली होती. अंगावर झेंडू, कपाळी कुंकू. आज त्यांना हात लावायचा नाही. सारं उद्यमनगर निवांत होतं.

निवांत नव्हता तो एकटा इंद्रजित सरनोबत.

पायाला भिंगरी आणि हाताला खाज घेऊनच हा गडी जन्माला आला होता. साखर कारखान्याच्या कचेरीत त्याला खुर्चीत बसण्याचा पगार मिळे, आणि नेमकं बसणंच त्याला जमत नसे. संध्याकाळ झाली, की घरामागची शेड त्याला बोलावी. काळोखी, तेलगंधी, लोहगर्भ शेड. तिथे जुन्या गाड्या येत, त्यांची थकलेली इंजिनं उतरत, नवी इंजिनं चढत. जीपमध्ये व्हॅनचं, व्हॅनमध्ये टेम्पोचं. एक जमलं, की दुसरं. दुसरं जमलं, की पहिल्यात पुन्हा काहीतरी. "ह्यांच्या हाती देव दिला तर देवाचंसुद्धा वाहन बदलतील," असं त्याची बायको सुलक्षणा म्हणे, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

पण या वर्षी शेडमध्ये आलेली गाडी परकी नव्हती. ती आबांची होती.

आबा म्हणजे इंद्रजितचे वडील. आणि गाडी म्हणजे त्यांची राघू. पोपटी रंगाची, गोल डोळ्यांची, जुनी फियाट. त्या राघूत बसून आबा दर दसऱ्याला गारगोटीच्या पल्याड, वाघजाईचा चढ ओलांडून, थोरल्या बहिणीकडे जात. खिशात आपट्याची पानं. पहिलं सोनं आक्काचं, मग जगाचं. आक्काही हट्टी. भावाचं सोनं हातात पडेपर्यंत दसऱ्याचा घास तोंडात घालत नसे.

गेल्या दसऱ्याला राघू चढावर थांबली. धापा टाकू लागली, धुरकटली, आणि थांबली ती थांबलीच. वर आक्का दारात उपाशी, खाली आबा दगडावर बसलेले. खिशातली पानं खिशातच वाळली. तो दिवस इंद्रजितच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता.

म्हणून श्रावणात त्याने राघूचं इंजिन उतरवलं. साखळीला टांगलेलं, काळंभोर, तेल ठिबकणारं ते जुनं इंजिन हवेत झुलत होतं, तेव्हा आबा शेडच्या दारात आले. त्यांनी पाहिलं. ते वळले. त्या दिवसापासून त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, आणि लेकाशी कामापुरतंही बोलले नाहीत.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. इंद्रजितने अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन आणलं. राघूच्या पोटात जागा केली, पाय बसवले, नळ्या जोडल्या, तारा ओढल्या. अष्टमीच्या संध्याकाळी सगळं जागच्या जागी होतं. फक्त बॉनेट मिटेना.

नवं इंजिन उंच. बॉनेट बोटभर वर राहिलं. आणि इंद्रजितला तर ते मिटायलाच हवं होतं. आबांना दाखवायचं होतं, की बघा, बाहेरून तुमची राघू होती तश्शीच आहे. मग त्याने उतावळ्या नवऱ्याचं काम केलं. इंजिनच्या पायाखाली रबराच्या जाड चकत्या असतात. इंजिनचा थरकाप त्या पिऊन टाकतात आणि गाडीला शांत ठेवतात. त्या त्याने काढल्या. लोखंड लोखंडावर टेकवलं आणि नट आवळले. बॉनेट मिटलं. चालतंय की, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि हत्यारं धुवायला घेतली.

नवमीच्या सकाळी सुलक्षणाने शेडमध्ये पूजा मांडली. पाटावर पाने, पकडी, हातोड्या; खुंटीवरच्या साखळीलाही माळ. राघूच्या कपाळावर कुंकवाचं बोट, गळ्यात झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आणि आश्चर्य म्हणजे आबा आले. अंगणाच्या टोकाला, तुळशीपाशी, हात मागे बांधून उभे राहिले. इंद्रजितने आत बसून किल्ली फिरवली.

इंजिन जागं झालं, आणि राघू थरथरली.

काचा थरथरल्या, दारं थरथरली, गोल डोळे थरथरले. नखशिखांत, हाडाहाडांत, हिवताप भरल्यासारखी ती थरथरली. गळ्यातला हार हिसके खाऊ लागला, आणि झेंडूच्या पाकळ्या गळू लागल्या. पिवळ्या, केशरी, पिवळ्या. बघता बघता हाराचा नुसता दोरा उरला. इंद्रजितने घाईघाईने किल्ली फिरवली, तेव्हा पाकळ्यांचा ढीग चाकापाशी पडला होता आणि तुळशीपाशी कुणी नव्हतं.

घरातून आबांचा आवाज आला, सुनेशी बोलणारा. "सुलक्षणा, उद्या मी येष्टीनं जातो."

एसटी चढाच्या पायथ्याशी सोडते. पुढचा चढ पायी. आणि आबांचे गुडघे तर आता देवघराच्या पायरीलाही हात मागतात. म्हणजे ते पुन्हा खालीच बसणार आणि वर आक्का पुन्हा उपाशी राहणार. इंद्रजितला ते दिसलं, लख्ख दिसलं, आणि त्याच्या हातांना आग लागली.

काम काय होतं? इंजिन साखळीने उचलायचं, रबरं सारायची, पुन्हा आवळायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण हत्यारं निजली होती. सरनोबतांच्या घरात ती दसऱ्याच्या संध्याकाळी, सीमोल्लंघनानंतरच उठत. आबांच्या वडिलांनी तो नेम पाळला होता, आबांनी पाळला होता. आधीच दुखावलेल्या म्हाताऱ्याच्या घरातला नेम तो कोणत्या तोंडाने मोडणार होता?

तो अंगणात गेला, घरात आला. शेडच्या दाराशी गेला, परत फिरला. पाणी मागितलं आणि न पिता ठेवलं.

"अहो, जरा टेका की कुठंतरी," सुलक्षणा म्हणाली. "अंगण झिजंल आता."

त्याने पायांत चपला सरकवल्या आणि तो उद्यमनगरात शिरला. कुणाकडे तरी दोन पाने मिळतील. या गल्लीत नाही तर त्या गल्लीत, त्या गल्लीत नाही तर पलीकडच्या. तो चालत राहिला. दारादारांतून पेढ्यांचे हात पुढे आले, पण पाना कुणी दिला नाही. वेल्डिंगवाला महिपती नव्या सदऱ्यात, पाटाशेजारी पान लावत बसला होता.

"आज न्हाई गा इंदरजित," त्याने हात जोडले. "वरीसभर राबत्यात बिचारी. एक दीस निजू दे की त्येनला. बस, प्रसाद खा."

"महिपतीमामा, अडलंय हो."

"अडू दे. जगाचं काय बुडतंय का एका दिसात?"

बुडतंय, असं इंद्रजितला ओरडावंसं वाटलं. त्याने पेढा खाल्ला. तो त्याला मातीसारखा लागला.

ऊन कलंडलं. पत्र्यांवरून उतरलं, भिंतींवरून ओघळलं, रस्त्यावर लांब झालं. गल्ली संपली आणि दुसरी लागली. सगळीकडे तेच पाट, तोच धूप, तीच मौनस्थ, कुंकुमांकित, पुष्पभारनत हत्यारं. जगातला प्रत्येक पाना आज झोपला होता आणि त्याच्या एकट्याच्या मुठी जाग्या होत्या. शेवटी पायांनीच त्याला घरी आणलं.

शेडच्या दारात तो थांबला.

आत आबा होते. श्रावणानंतर पहिल्यांदाच. कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनवरचं गोणपाट त्यांनी काढलं होतं. रॉकेलच्या फडक्याने ते पुसून काढलं होतं, हळदकुंकू लावलं होतं, एक झेंडू वाहिला होता. आणि आता ते खाली वाकून, गुडघ्यावर हात दाबून, राघूच्या पोटात डोकावत होते.

"रबरं कुठं हाईत?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

इंद्रजितने खिशात हात घातला. सकाळपासून ती खिशातच होती. काळ्या, जाड, गोल चकत्या.

"काखेत कळसा न् गावाला वळसा," आबा म्हणाले. "का काढलीस?"

"बॉनेट मिटत नव्हतं, आबा."

"न मिटू दे की. मिटून काय करायचं हुतं?"

इंद्रजितने बॉनेटवर हात ठेवला. "तुम्हाला वाटू नये म्हणून... बदललीय असं."

आबा सावकाश उभे राहिले. ते लेकाकडे वळले. मग त्यांचा आवाज फुटला. कोरडा, खरबरीत, पण फुटला.

"लेका, इंजिन काढल्यालं मला लागलं न्हाई. त्ये म्हातारं झालं हुतं, मला काय दिसत नव्हतं? मला न इचारता काढलंस, त्ये लागलं. माझ्या आयुष्याची गाडी, आन् मी दारात उभा ऱ्हाऊन बघायची, व्हय?"

शेडमध्ये धूप फिरत होता. इंद्रजितला दोन महिन्यांचं मौन आता कुठे कळलं, आणि कळलं तेव्हा लाजेने त्याची मान खाली गेली. एवढं इंजिन उचललं, एवढ्या तारा जोडल्या, आणि दोन शब्द जोडायचे राहून गेले होते.

"चुकलं, आबा."

आबा पाटासमोर गेले. पायांतल्या चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. पाटावरची हत्यारं कलत्या उन्हात निजली होती.

"आई अंबाबाई," ते पुटपुटले, "आक्का उपाशी ऱ्हाईल बघ. घेऊ का?"

ते थांबले. खरोखरच थांबले, उत्तराची वाट बघत. कुठूनतरी वाऱ्याची झुळूक आली, आणि हातोडीवरचं एक फूल आपसूक घरंगळून खाली पडलं. आबांनी डोळे उघडले, वाकले आणि फुलांखालून एक पाना अलगद उचलला. झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात घालावा तसा.

"इचारून घेतलं म्हंजे मोडत न्हाई नेम," ते म्हणाले आणि पाना त्यांनी लेकाच्या हातात दिला. "लाव साखळी."

मग दिवेलागणीपर्यंत शेडमध्ये दोन माणसं होती आणि एक काम होतं. साखळी करकरली. इंजिन उचललं गेलं. आबांच्या सुरकुतल्या बोटांनी रबरं जागच्या जागी सारली, इंद्रजितने नट आवळले. साखळी सुटली. लोखंड टेकलं, पण या खेपेला लोखंडावर नाही. मधे तेवढी मऊ, मायाळू जागा होती.

बॉनेट बोटभर उघडं राहिलं.

इंद्रजित त्या फटीकडे बघत उभा राहिला. कापायचं? ठोकायचं? त्याचे हात शिवशिवले. मग, जन्मात पहिल्यांदाच, त्याने ते मागे घेतले.

"आबा, काय करू ह्याचं?"

आबांचा चेहरा उजळला. कुणीतरी विचारलं होतं. "ऱ्हाऊ दे तसंच. सुतळीनं बांध. बदललंय ते बदललंय, झाकायचं कशाला?"

दसऱ्याची सकाळ. दवाने भिजलेली, तोरणांनी सजलेली, दुतर्फा पिकत्या भाताची. सुलक्षणाने नवा हार घातला. आबा गाडीपाशी आले, उजव्या दाराला हात लावून क्षणभर थांबले. मग वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले. "हाण," ते म्हणाले. इंद्रजितला तो शब्द आशीर्वादासारखा वाटला.

गारगोटी गेली. वाघजाईचा चढ आला. लाल, वळणावळणाचा, गेल्या सालचा. तो दगड आला. इंद्रजितने स्टिअरिंगचं चाक घट्ट धरलं, आबांची मूठ खिशातल्या पानांवर आवळली. दोघेही त्या दगडाकडे बघायचं टाळत होते, आणि दोघांनीही तो पाहिला. राघूने दम घेतला, खालचा सूर लावला आणि चढ चढली. दगड मागे गेला, मागे गेला, दिसेनासा झाला. आबांची मूठ हळूच सुटली.

वर, माथ्यावरच्या घरात, दारात आक्का उभी होती. पांढऱ्या केसांची, कोरड्या ओठांची, सकाळपासून उपाशी. आबांनी तिच्या ओंजळीत पानं ठेवली आणि पाया पडले. आक्का हसली, रडली, आणि भावाचा हात धरून आत चालली. "चल, पानं वाढते."

"आलोच," आबा म्हणाले.

ते माघारी वळले. दुखऱ्या गुडघ्यांनी, एक एक पाऊल टाकत, अंगणातून राघूपाशी आले. इंद्रजितने गाडी अजून बंद केली नव्हती. आबांनी खिशातून एक पान काढलं. हिरवं, जुळं, हृदयाकृती. खाली वाकले आणि बॉनेटच्या त्या बोटभर फटीत त्यांनी ते खोवलं.

"सोनं घे," ते त्या नव्या इंजिनला म्हणाले. "सोन्यासारखं ऱ्हा."

आत इंजिन चालत होतं. हारातली एकही पाकळी गळली नाही. डोंगरमाथ्यावरच्या उन्हात, पोपटी पत्र्याच्या काठावर, आपट्याचं ते पान हळू हळू डुलत राहिलं. डुलत राहिलं. आणि चाकावरचे इंद्रजितचे हात, कितीतरी वर्षांनी, नुसते टेकले होते.