तीनपाशी रेषा, दोनपाशी छिद्र

मित्रांनो, मी एक जुना आलेखाचा फळा आहे. म्हसळ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात माझी हयात गेली. सदा सुताराने मला फणसाच्या फळ्या जोडून केलं आणि गणिताच्या श्यामलाबाईंनी स्वतः पट्टी धरून माझ्यावर पांढरे चौकोन आखले. बाईंचा शिरस्ता ठरलेला. आधी अंश आणि छेद यांचे अवयव पाडायचे, दोन्हीकडे सारखा असेल तो काटायचा, आणि मगच उरलेला छेद कुठे शून्य होतो ते पाहून तुटक रेषा ओढायची. आलेख त्या रेषेच्या जवळ जवळ जातो, पण तिला कधी भेटत नाही. ती उभी अनंतस्पर्शी रेषा. काटलेल्या अवयवापाशी मात्र आलेखाला नुसतं छिद्र असतं. तिथे बाई रिकामं वर्तुळ काढत.

बाई निवृत्त झाल्या, भिंतीवर स्क्रीन आला आणि माझी रवानगी वर्गालगतच्या जिन्याखाली झाली. माझ्यावर सायकली टेकवतात. त्याचंही मी काही म्हटलं नाही. संताप आला तो परवा.

चाचणीत (x² − 4) / (x² − 5x + 6) च्या उभ्या अनंतस्पर्शी रेषा विचारल्या होत्या. दिपालीने एकच लिहिली, x = 3. बाईंच्या जागी आलेल्या परेश सरांनी छापील उत्तरं पाहून काट मारली; त्यात x = 2 सुद्धा होती. त्या दोन गुणांपायी अलिबागच्या गणित स्पर्धेतली तिची जागा जात होती. यादी चार वाजता पाठवायची होती.

ती विचारायला गेली, तर सर म्हणाले, "छेद शून्य झाला की रेषा. छापणारे काय खुळे आहेत?"

स्वतः दोन ओळी करून बघायच्या नाहीत आणि मुलीला गप्प करायचं, ही कुठली रीत?

तेवढ्यात वीज गेली आणि स्क्रीन बंद पडला. दिपाली आणि तिची मैत्रीण गौरी यांनी मला ओढत वर्गात आणलं. दिपालीने लिहिलं: (x − 2)(x + 2) / (x − 2)(x − 3). सारखा अवयव काटला. उरलं (x + 2) / (x − 3).

"सर, आता 2.01 घालून बघा."

"उणे चार पूर्णांक शून्य पाच."

"आणि 2.99?"

सरांनी हिशेब केला. "उणे चारशे नव्व्याण्णव."

"म्हणजे आलेख खोल पळतो तो तीनपाशी. दोनपाशी तो उणे चारच्या आसपासच आहे, सर. तिथे रेषा कशी येईल?"

"लाईट गेली की आमची डोकी चालतात, सर," गौरी म्हणाली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "माझंच चुकलं," म्हणाले आणि यादीत दिपालीचं नाव घातलं.

पण वीज गेलीच नसती तर?

मित्रांनो, मला रंग द्या, न द्या. कुणाच्या उत्तरावर काट मारण्याआधी खडू मात्र हातात घ्या.