त्याने मला सोडायला हवे होते

मित्रांनो, पिंगळी स्टेशनाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये मी धूळ खात उभी आहे. मी शर्यतीची एक जुनी मोटारसायकल आहे. पूर्वी मी रस्त्यावर धावणारी साधी गाडी होते. सिद्धोधनने मला मानवतला जुन्या बाजारातून आणले, दिवा आणि मडगार्ड काढले, खोल नक्षीचे टायर चढवले. पुढे मुरमाच्या मैदानावरच्या शर्यतींत आम्ही दोघे धावू लागलो. तो मला जपायचा. शर्यत संपली की स्वतः पाणी प्यायच्या आधी माझ्या साखळीतला चिखल काढायचा.

जिंतूरच्या शर्यतीत वळणावर माझे मागचे चाक घसरले. मी जवळजवळ आडवी झाले. सिद्धोधनचा गुडघा आणि कोपर जमिनीला घासत होते, तरी त्याने हँडल सोडले नाही. कसे कोण जाणे, मी पुन्हा उभी राहिले. आमचा तिसरा नंबर आला, पण पहिल्याला कोणी विचारलेच नाही. त्या क्षणाचा व्हिडिओ गावोगाव फिरला. लोक त्याला 'न पडणारा सिद्धू' म्हणू लागले.

नागेश मात्र हसला नाही. तो जुना शर्यतपटू. त्याच्या खांद्यात लोखंडी पट्टी बसवलेली आहे.

"ते नशीब होतं, सिद्धू," तो म्हणाला. "चाक घसरलं की गाडी सोडून द्यायची. घसरत जाशील, कातडं सोलंल, बस. धरून ठेवलीस अन् चाकानं एकदम माती पकडली, तर गाडी तुला वर फेकती."

"सोडली असती तर मला कोणी ओळखलं असतं, दादा?"



त्यानंतर सिद्धोधन बदलला. वळण आले की वेग कमी करण्याऐवजी तो वाढवायचा. मी घसरावे, असेच त्याला वाटत असावे. माइकवरचा माणूसही विचारायचा, "सिद्धू आज परत दाखवणार का?" आणि लोक मोबाइल वर धरायचे.

मानवतच्या मैदानावर धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारले होते. वळण ओले होते. माझे चाक गेले. बाजूला वाळूच्या गोण्या रचलेल्या होत्या, मी त्यांच्याकडे सरकत होते. त्याने सोडले असते तर आम्ही दोघे तिथे जाऊन थांबलो असतो. त्याने पाय रोवला आणि सगळ्या ताकदीने मला उचलले. मी सरळ झाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात चाक ओल्यातून कोरड्यावर आले, मातीत रुतले, आणि मी त्याला माझ्याच पाठीवरून उंच भिरकावले. तो पाठीवर पडला. मी त्याच्यावर पडले.

माझे हँडल वाकले होते. नागेशने ते त्याच आठवड्यात सरळ केले. सिद्धोधनचा मणका मात्र डॉक्टरांना जोडता आला नाही. त्याला कमरेखाली काही कळत नाही. गीताबाई, त्याची आई, त्याला कूस बदलून देते, पाठीला तेल लावते. आधी माणसे भेटायला यायची. आता येत नाहीत.

परवा जिंतूरहून पप्पू नावाचा एक शर्यतपटू आला. त्याचे घर माझ्या शेडला लागूनच आहे; दार उघडे होते, मला सगळे दिसत होते, ऐकू येत होते.

"दादा, मानवतला दुसऱ्यांदा कसं वाचवलंव? मी तेच शिकायलोय."

"वाचवलं न्हाई. ह्या खाटेवर हाय मी."

"पण ह्याच्यात तर गाडी उभी राहायली," पप्पूने मोबाइल पुढे केला.

कोणीतरी तो व्हिडिओ मी सरळ झाले तिथेच तोडला होता. पुढचे काहीच नव्हते. सिद्धोधनने तो पाहिला आणि फोन परत दिला.

"पुढचं कापलंय त्यातलं," तो म्हणाला. "पप्पू, घसरली की सोडून दे."

पप्पूने मान हलवली. जाताना त्याने माझ्यावर बसून फोटो काढून घेतला. मग त्याच्या गाडीचा आवाज आला, रेल्वे फाटकाच्या वळणावरही तो कमी झाला नाही.

"माय, दार लाव," सिद्धोधन आतून म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यासारखीवर बसलात आणि ती हातातून जाऊ लागली, तर जाऊ द्या. पडलात म्हणून लोक हसतील. हसू द्या. ती माणसे संध्याकाळी आपापल्या घरी जातात.