सर्व्हरवरच्या दोन ओळी

फुलचंद महाराजांची कीर्तनं वाहिदभाईंनी बोरी अरबच्या देवळात बावीस वर्षं टेप केली. मागितलं काहीच नाही. महाराज गेल्यावर वाहिदभाईंच्या लेकीनं, नसरीननं, कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या, वेबसाइट केली आणि प्रत्येक कीर्तनाखाली ओळ घातली : ध्वनिमुद्रण – शेख वाहिद. म्हातारा ती ओळ दिसेल त्याला दाखवायचा.

साइट नसरीनच्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर चालायची. देवळाच्या कमिटीनं ती भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर नेली आणि सारं मुकं झालं. उद्या महाराजांची पुण्यतिथी.

"तुह्या स्क्रिप्टमंदीच खोट हाये," कमिटीचे घनश्यामकाका म्हणाले. "आमच्या पोरानं जशीच्या तशी उचलली."

"म्हणूनच बंद हाये, काका."

कीर्तनांचं फोल्डर कुठं आणि टेप करणारा कोण, हे तिनं साइट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलंच नव्हतं. त्या दोन्ही नोंदी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून स्क्रिप्टबाहेर, विंडोजच्या सेटिंगमध्ये होत्या. स्क्रिप्ट निघाली, सेटिंग मागंच राहिलं.

देवळाच्या ऑफिसात बसून तिनं त्या लिनक्सवर भरल्या. टर्मिनलवर स्क्रिप्ट झक्क चालली. ब्राउझरमध्ये पुन्हा शुकशुकाट. तिनं कपाळावर हात मारला. तिनं भरलेलं तिच्या लॉगिनपुरतंच. सर्व्हर चालतो वेगळ्या नावानं, त्याला कोण सांगणार? त्याच्याच फाइलीत लिहायला हवं होतं, आणि त्या फाइलीचा पासवर्ड काकांपाशी.

काकांनी पासवर्ड टाकला, पण खुर्ची सोडली नाही. "सांग, मी लिहितो."

तिनं फोल्डरची ओळ सांगितली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. महाराजांचा भरदार आवाज उठला, मागून टाळकऱ्यांनी चरण उचललं. नसरीनच्या अंगावर काटा आला. काकांनी डोळे मिटून हात जोडले. त्या जोडण्यात खोटं काही नव्हतं.

"आता दुसरी ओळ, काका. अब्बाच्या नावाची."

काकांनी डोळे उघडले. "ते राहू दे. उद्या बाहेरगावची मानसं येऊन राह्यली. तू समजदार हायेस."

"काय समजू?"

"सेवेत नाव कायले पाह्यजे, पोरी? देवाले ठाऊक हाये ना!" त्यांनी फाइल बंद केली. त्यांच्या डोक्यामागं भिंतीच्या संगमरवरावर, सभामंडपाच्या दात्यांत, पहिलं नाव त्यांचंच होतं.

पुण्यतिथीला वाहिदभाई ओट्यावर मोबाईल कानाशी धरून अख्खं कीर्तन ऐकत बसले. संपल्यावर बोटानं पान खाली सरकवलं.

"नसरीन, हे 'ध्वनिमुद्रण' लिहेल हाये अन् पुढं काहीच नाही. मशीन विसरली का वं?"

"हव, अब्बा," ती म्हणाली. "लिनक्समंदी होते असं."